पोकरच्या टेबलावर कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न छोट्या स्टेक्सच्या (कमी पैशांच्या), समोरासमोर बसून खेळायच्या पोकरबद्दल आहेत, आणि जवळजवळ सगळे पत्त्यांपेक्षा तोंडाबद्दलच आहेत. पाच निवडलेत. पहिल्या दोनांना जास्त जागा दिलीय कारण भांडणं तिथेच होतात.

प्रश्न: टेक्सास होल्डेम (प्रत्येकाला दोन पत्ते, मधले पाच सगळ्यांचे) खेळताना मी राजा-नव्वी फोल्ड केली, म्हणजे फेकली, आणि फ्लॉपवर (मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत) राजा, राजा, सत्ती आली. माझ्या तोंडून निघालं, "अरे यार, राजा फेकला मी!" दोघं अजून डावात होते, त्यातला एक माझ्यावर जाम भडकला. मी तर डावातून बाहेर होतो, मग यात एवढं काय झालं?

बरंच काही झालं. तुमच्यासाठी ती नुसती हळहळ होती पण डावात असलेल्या माणसासाठी ती फुकट मिळालेली माहिती होती, आणि ती सुद्धा दोघांपैकी एकाच्याच कामाची.

त्या भडकलेल्या माणसाच्या जागी बसून बघा. समजा समोरच्याकडे दश्शीची जोडी आहे आणि तो विचार करतोय की याच्याकडे राजा असेल का. त्याला स्वतःचे २ आणि बोर्डवरचे (मधे उघडलेले) ३ पत्ते दिसतायत, म्हणजे न दिसणारे ४७ उरले आणि त्यात राजे २. बेटिंगचा विचार बाजूला ठेवून नुसता हिशोब केला तर कुठल्याही एका खेळाडूकडे राजा असण्याची शक्यता साधारण ८.४ टक्के. आता तुम्ही बोललात की एक राजा मी फेकला, मग पत्ते उरले ४६, राजा १, आणि शक्यता आली ४.३ टक्क्यांवर, म्हणजे तुमच्या एका वाक्याने ती निम्मी झाली! भडकलेला माणूस ब्लफ करत असेल तर त्याचा ब्लफ तुम्ही मारलात, आणि त्याच्याकडे खरंच राजा असेल तर दश्शीवाल्याचे पैसे तुम्ही त्याला मिळवून दिलेत, दोन्हीकडून निकालात तुमचा हात लागला आणि तुम्ही तर त्या डावात नव्हताच.

म्हणूनच जवळजवळ सगळीकडे नियम आहे की एका हँडमागे (हातातल्या पत्त्यांमागे) डोकं एकाच खेळाडूचं चालणार. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही संस्था २००१ साली सुरू झाली, तिच्या नियमात हे स्पष्ट आहे, डावात असा किंवा नसा, चालू हँडमधल्या किंवा फेकलेल्या पत्त्यांबद्दल बोलायचं नाही, कधीही सल्ला द्यायचा नाही की टीका करायची नाही, आणि जे पत्ते अजून उघडे पडले नाहीत त्यांचा अंदाज मोठ्याने वाचायचा नाही. नियम टूर्नामेंटचे असले तरी छोट्या कॅश गेममध्ये (रोख पैशांच्या खेळात) सुद्धा लोक हेच धरून चालतात आणि चाललंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणि हे फक्त बोलण्यापुरतं नाही बरं का. फ्लॉप बघून कपाळावर हात मारणं, खुर्चीत मागे टेकून सुस्कारा सोडणं, फेकायच्या आधी शेजाऱ्याला पत्ते दाखवणं, "सांभाळून, चार बदाम आलेत" असं काळजीने सांगणं, हे सगळं त्यातच येतं. बदामवालं तर मी फार ऐकतो, सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण समोरच्याला फ्लश (एकाच रंगाचे, म्हणजे इथे बदामाचे, पाच पत्ते) दिसला नसता तर ती त्याची चूक होती आणि ती चूक करायचा त्याला हक्क आहे.

फक्त शोडाउनला (शेवटी पत्ते दाखवायच्या वेळी) पत्ते उलगडून टेबलावर पडले की हे उलटं होतं. तिथे डीलर चुकून पॉट (जमलेले पैसे) भलत्याला सरकवत असेल, कोणाची स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) कोणाच्या लक्षात आली नसेल, तर तुम्ही डावात नसलात तरी बोला, ताबडतोब बोला, कारण उघड्या पत्त्यांना जे आहे तेच मिळालं पाहिजे.

पुढच्या वेळी तोंडातून निघून गेलंच तर एकदा "सॉरी, माझं चुकलं" म्हणा आणि थांबा. "नाही नाही, मी मस्करी केली, राजा नव्हताच" असली सारवासारव करू नका, त्यात अजूनच माहिती जाते आणि आता ती खरी की खोटी हे पण कोणाला कळत नाही.

प्रश्न: मी महिनाभरापासून खेळायला लागले आहे. परवा सत्ती-अठ्ठी एकाच रंगाची म्हणून रेझला (वाढवलेल्या बेटला) कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे लावले, रिव्हरवर (मधल्या शेवटच्या पत्त्यावर) स्ट्रेट लागली, समोरच्याकडे एक्क्यांची जोडी होती. त्याने मला दहा मिनिटं सगळ्यांसमोर ऐकवलं की असे पत्ते कोणी खेळतं का, अजून दोघं माना डोलवत होते. मला इतकं लाजिरवाणं झालं की परत जावंसंच वाटत नाहीये. अशा वेळी काय उत्तर द्यायचं?

काहीच द्यायचं नाही, आणि परत नक्की जा. तुम्ही पैसे घेऊन बसलात, तुमच्या पाळीला खेळलात, कोणाला त्रास दिला नाहीत, तुमच्याकडून खुलासा मागायचा त्या माणसाला काडीचा अधिकार नव्हता.

आधी तुमच्या मनातली ती लाज काढून टाकूया. एक्क्यांची जोडी विरुद्ध एकाच रंगाची सत्ती-अठ्ठी, पाचही पत्ते पडेपर्यंत गेलं तर एक्के साधारण ७७ टक्के वेळा जिंकतात. म्हणजे शंभरातून बावीस-तेवीस वेळा ते हरणारच, ही काही चमत्काराची किंवा अन्यायाची गोष्ट नाही, खेळ तसाच आहे. कॉल बरोबर होता की चूक हे दोघांचे स्टॅक (समोरच्या चिप्स) किती, रेझ केवढी, तुम्ही कुठल्या पोझिशनला (पाळीच्या क्रमात कुठे) होतात, यावर ठरतं, आणि ते शिकायचं असेल तर टेबलावरून उठल्यावर, शांतपणे, ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाला विचारा. हरून रागावलेला माणूस त्या क्षणी कोणालाच काही शिकवू शकत नाही, तो फक्त आपली जळजळ काढत असतो.

बोलणं सुरू झालं की चिप्स रचा, पुढचे पत्ते बघा. फारच झालं तर "मला खेळावंसं वाटलं" एवढं एक वाक्य पुरे, तेही एकदाच. वाद घालायला गेलात की ते दहाचं वीस मिनिटं करतात. तरीही थांबत नसेल तर डीलरला किंवा गेम ज्याच्या घरी आहे त्याला हळू आवाजात सांगा की हे बंद करायला सांगा. खेळाडूला आवरणं हे त्यांचंच काम आहे, तुमचं नाही, आणि असं सांगणं म्हणजे चहाडी पण नाही.

आता हे त्या एक्केवाल्याने वाचलं तर बरं होईल म्हणून त्याच्यासाठी पण लिहितो. दादा, तुझे पत्ते चांगले होते, पैसे बरोबर वेळी आत गेले, हरलास, वाईट वाटणारच, मला पण वाटतं. पण जो माणूस तुझ्या मते चुकीचे कॉल करतो तो टेबलावर बसून राहावा हे तुझ्याच फायद्याचं आहे, त्याला ऐकवून तू एकतर त्याला उठवतोस किंवा सुधारतोस, दोन्हीत नुकसान तुझं. शिवाय बोलता बोलता तू स्वतः कसा विचार करतोस, किती पैसे कशावर लावतोस, हे सगळं बाकीच्यांना सांगून टाकतोस.

मी हे केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नवीन मुलाने माझी राण्यांची जोडी दुर्रीच्या तीन पत्त्यांनी मारली आणि मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं की तुला हिशोब येतो का. तो काही बोलला नाही, उरलेल्या चिप्स उचलल्या आणि गेला. त्याच्यानंतर टेबलावर कोणी हसलं नाही, अर्ध्या तासात अजून दोघं उठले, गेम मोडला. त्याची आठवण आली की आजही मला वाईट वाटतं, तो परत कधी खेळला का तेही मला माहीत नाही. तेव्हापासून हरलो की "नाइस हँड" म्हणतो, आणि जेव्हा तेवढंही मनापासून निघत नाही तेव्हा गप्प बसतो, किंवा एक राऊंड उठून पाणी पिऊन येतो. टिल्ट झालेल्या (हरून डोकं फिरलेल्या) माणसाने उठणं हे स्वतःच्या पैशांसाठी पण चांगलं आणि दुसऱ्याच्या मनासाठी पण.

प्रश्न: डावात आम्ही दोघंच उरलो की एक जण सतत विचारतो, "काय आहे रे? जोडी? दाखवशील का मी फोल्ड केलं तर?" उत्तर द्यावंच लागतं का? आणि मी खोटं बोललो तर ते नियमात बसतं का?

उत्तर द्यावं लागत नाही. गप्प बसणं हा तुमचा हक्क आहे आणि नवीन असाल तर तोच चांगला मार्ग, एका जागी नजर ठेवा, श्वास नेहमीसारखा चालू द्या.

दोघंच उरले असतील तर कॅश गेममध्ये बहुतेक ठिकाणी असं बोलणं चालतं आणि आपल्या पत्त्यांबद्दल खोटं बोलणं पण खेळाचाच भाग धरतात. टूर्नामेंटमध्ये पत्त्यांबद्दल बोलायला बंदी असते किंवा कडक मर्यादा असते, म्हणून बसायच्या आधी विचारून घ्या. २००६ साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला ८,७७३ खेळाडू होते आणि जिंकलेला जेमी गोल्ड सतत बोलत बोलत १ कोटी २० लाख डॉलर घेऊन गेला, ते बघून पुष्कळ लोकांना वाटलं की आपण पण बोलूया. पण बोलणारा माणूस समोरच्याकडून जेवढं घेतो तेवढंच स्वतःचं देत पण असतो, छोट्या गेममध्ये तर मी बघितलंय की बडबड्याचा आवाज जरा बदलला की अख्ख्या टेबलाला कळतं.

पण दोन ठिकाणी खोटं अजिबात चालत नाही. एक, आपल्या पाळीला तोंडाने बोललेली ॲक्शन. "कॉल" म्हटलात की कॉल, "रेझ" म्हटलात की रेझ, गंमत म्हणून पण बोलायचं नाही. नव्यांनी हे पण लक्षात ठेवा की काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली तर तो फक्त कॉल धरतात, रेझ करायची असेल तर आधी तोंडाने आकडा सांगा आणि मग चिप्स एकदम पुढे करा, थोड्या थोड्या सरकवल्या की ती स्ट्रिंग बेट होते आणि ती मान्य होत नाही.

दुसरं म्हणजे शोडाउन. "फ्लश आहे" असं खोटंच बोलून समोरच्याला पत्ते फेकायला लावायचे, हे ब्लफ नाही, ही लबाडी आहे, आणि असं करणाऱ्याबरोबर मी दुसऱ्यांदा बसत नाही. यावर उपाय तुमच्याच हातात आहे, समोरच्याचे दोन्ही पत्ते स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत आपले पत्ते सोडू नका, एकदा ते मकमध्ये (फेकलेल्या पत्त्यांत) गेले की बहुतेक वेळा परत मिळत नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे फुल हाऊस (एकाचे तीन, दुसऱ्याचे दोन पत्ते) होतं, समोरच्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, मी कॉल केला आणि जरा मजा म्हणून सावकाश एकेक पत्ता उघडला. सगळे नाराज झाले. याला स्लो रोल म्हणतात का?

हो, अगदी हाच. कॉल करायच्या आधी वेळ घेणं वेगळं, तिथे खरंच निर्णय असेल तर विचार करा, कोणी काही म्हणणार नाही. पण पैसे सगळे आत गेले, आपण जिंकलोय हे आपल्याला माहीत आहे, आणि समोरच्याला दोन-चार सेकंद "मी जिंकलो" असं वाटू द्यायचं, हे दुष्टपणाचं आहे, त्यातून एक चिपही जास्त मिळत नाही. रिव्हरवर शेवटची बेट किंवा रेझ ज्याने केली त्याने आधी दाखवायचं हा क्रम असतो, पण हातात इतकं मोठं काही असेल तर क्रमाची वाट बघू नका, दोन्ही पत्ते लगेच उलटे करा. पुढच्या वेळी भेटलात की त्या माणसाची माफी मागा, एका वाक्यात होतं.

प्रश्न: दोन मित्र आमच्या टेबलावर आपसात अशा भाषेत बोलतात जी बाकी कोणाला कळत नाही. थांबवायचं का?

डाव चालू असताना, हो. बहुतेक जागी नियमच असतो की हँड चालू असताना टेबलावर सगळ्यांना कळणारी एकच भाषा, कारण ते जेवणाबद्दल बोलतायत की पत्त्यांबद्दल हे बाकीच्यांना कळायला मार्गच नसतो. संशय घेतल्यासारखं न बोलता, दोन डावांच्या मधे सांगा, "हँड चालू असताना सगळ्यांना कळेल असं बोलूया का?" बहुतेकांच्या ते लक्षातच आलेलं नसतं, लगेच थांबतात. डाव संपला, पत्ते पिसायला घेतले की मग त्यांना पाहिजे त्या भाषेत बोलू द्या. फोनचं पण तेच, पत्ते हातात असताना फोनवर बोलायचं नाही, फोन घ्यायचाच असेल तर फोल्ड करून उठा.