शेकोटीतले बटाटे

प्रश्न : शेकोटीत भाजलेले बटाटे बाहेरून करपतात, पण आतून कच्चेच राहतात. काय करावे?

उत्तर : निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर येईपर्यंत थांबावे, कारण ज्वाळेत साल आधी जळते आणि उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचायला अवधीच मिळत नाही. मध्यम आकाराचे, न सोललेले बटाटे गरम राखेत पुरून अधूनमधून फिरवल्यास साधारण पाऊण तासात सुरी सहज आत शिरते. रताळी जरा आधी काढावीत. रायगडच्या पोपटी या मडक्यात शिजवायच्या पदार्थात मात्र निखाऱ्यांची वाट पाहत नाहीत : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे व जाडे मीठ भरून, तोंड पाल्यानेच गच्च बंद करून ते उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात, पाण्याचा थेंबही न घालता सारे पाल्याशेंगांच्या वाफेवर शिजते. बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून भाजण्यापेक्षा आम्हाला हीच रीत रुचते.