नाइट ड्युटी लागलीय, कॉलेजला सांगू का?

प्रश्न: ताई, मी बीएस्सी नर्सिंगच्या सेकंड इयरला आहे. बायपोलर आहे, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार, त्यावर लिथियमची गोळी चालू आहे. पुढच्या महिन्यात नाइट ड्युटी आहे. कॉलेजला सांगितलं तर काढून टाकतील का?

उत्तर: अगं, आधी तुझ्या डॉक्टरांना गाठ, कारण बायपोलरमध्ये झोप बिघडली की मॅनिया, म्हणजे अतिउत्साहाचा बेभान झटका, उसळू शकतो, म्हणून नाइट हा तुझ्यासाठी नुसता कंटाळ्याचा प्रश्न नाहीये. त्यांच्याकडून एक चिठ्ठी घे, त्यात निदान लिहायची गरज नाही, 'रात्रीची झोप नियमित हवी' एवढं पुरतं, आणि ती सगळ्या स्टाफला न दाखवता क्लास कोऑर्डिनेटर मॅडमना एकटीने भेटून दे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवायला डॉक्टर बांधील आहेत, काही अपवाद सोडले तर ते परस्पर कॉलेजला कळवू शकत नाहीत. मॅडम टोमणे मारतील का? मारतीलही, आपल्याकडे 'नर्स म्हणजे खंबीर' हे खूळ फार आहे.

आणि हो, डोकं दुखलं म्हणून वॉर्डातली आयब्युप्रोफेन तोंडात टाकू नकोस, लिथियमची रक्तातली लेव्हल वाढते. पाणी भरपूर पी. लिथियमची गोळी मनाने बंद करायची नाही. रात्री फारच वाईट वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, १४४१६, फुकट आहे, २४ तास, मराठीतही बोलतात.