उद्यानातील पादचारी पुलाची रचना ठरवताना नेमका कशाचा विचार केला जातो?

आपण विचारले आहे की, उद्यानातील ओढ्यावर किंवा तळ्यावर केवळ माणसांपुरता पूल बांधायचा असताना अभियंते एवढा वेळ कशात घालवतात, आणि आधी सुंदर चित्र ठरवून त्याबरहुकूम पूल का उभारत नाहीत. पादचारी पुलांच्या संरचनेचे काम मी करतो आणि माझे मत असे आहे की, असा पूल मधल्या गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या भागावर नव्हे, तर दोन्ही टोकांवर ठरतो. चित्रात मात्र नेमकी टोकेच दिसत नाहीत.

कमानदार पूल बहुतेकांना हवा असतो. चाकाच्या खुर्चीसाठी सर्वसाधारणपणे 1:12 (12 मीटर अंतरात 1 मीटर चढ) हा कमाल उतार मानतात आणि 1:20 हा सोयीचा. आता 20 मीटर लांबीच्या पुलाचा चालण्याचा पृष्ठभाग हलक्या कमानीचा केला, तर सर्वांत तीव्र चढ अगदी टोकाशी, म्हणजे पुलावर पाऊल टाकतानाच येतो. तो 1:20 मध्ये बसवायचा असेल तर पुलाचा मध्य टोकांपेक्षा जेमतेम 25 सेंटीमीटर उंच ठेवता येतो; 1:12 पर्यंत ताणले तरी सुमारे 42 सेंटीमीटर. चित्रातली डौलदार कमान याच हिशेबात सपाट होते. त्यातच पुराच्या पातळीसाठी पूल 1 मीटर वर घ्यावा लागला, तर 1:20 च्या उताराने प्रत्येक बाजूला 20 मीटरचा पोहोचमार्ग लागतो, आणि त्याचा भराव काठावरच्या जुन्या झाडांच्या मुळांवर पडून मातीतली हवा कोंडली जाते. अशा वेळी पुलाचा आकार बदलत बसण्यापेक्षा, काठ मुळातच उंच असलेली जागा शोधावी, असे मी आग्रहाने सांगतो.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा 1858 चा आराखडा मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. त्याचे रचनाकार ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी शहराची रहदारी नेणारे चार आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखाली उतरवले, त्यामुळे फिरणारी माणसे फारशी चढउतार न करता त्यांच्यावरून पलीकडे जातात. तेथे पातळ्यांचा प्रश्न पुलांच्या शोभेआधी सोडवलेला आहे.

भाराचे गणित त्यामानाने सरळ आहे. दाट गर्दीसाठी दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो भार धरतात, म्हणजे 2 मीटर रुंद आणि 20 मीटर लांब पुलावर 20 टन. खरी अडचण कंपनांची असते. माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, आणि डावे-उजवे पाऊल आलटून पालटून पडत असल्याने बाजूचा धक्का सेकंदाला एकदा बसतो. लंडनचा मिलेनियम पूल जून 2000 मध्ये खुला होताच बाजूला झुलू लागला, लोक नकळत त्या झुल्याशी पाऊल जुळवू लागले आणि झुलणे आणखी वाढले; पूल बंद करून कंपनशोषक बसवावे लागले आणि तो 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला. पूल भक्कम होता, पण बाजूच्या हालचालीला होणारा विरोध अपुरा पडला. उद्यानातल्या सडपातळ पुलासाठीही ही तपासणी मी टाळू देत नाही.

बांधकामात पुन्हा टोकेच आडवी येतात. पोलादी गर्डर, म्हणजे पुलाची मुख्य तुळई, कारखान्यात तयार होतो, पण तो उचलणारी क्रेन उभी कुठे करायची? तिच्या वजनाने हिरवळीखालची माती दबते, म्हणून लोखंडी प्लेटा अंथरून वाट करावी लागते, आणि कित्येकदा गर्डरचे किती तुकडे करायचे हे ती वाटच ठरवते. शिवाय तापमानात 40 अंशांचा फरक पडला की 20 मीटरचे पोलाद जवळपास 10 मिलिमीटर लांबते. त्यासाठी एका टोकाचे बेअरिंग, म्हणजे गर्डर ज्यावर टेकतो तो आधार, सरकते ठेवतात. पालापाचोळा आणि ओली माती साचून तेच बेअरिंग जाम होते आणि गंज तेथूनच सुरू होतो. म्हणून नकाशे मंजूर करण्यापूर्वी, त्या कोपऱ्यात झाडू आणि हात पोहोचेल एवढी मोकळी जागा दाखवली आहे का, हे आपण अवश्य तपासावे.