बँकेत दिलेल्या त्या अर्जाची तारीख आधी सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७८ वर्षांचे, दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं, फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर. २०१९ मध्ये त्यांनी तुमच्या नावे रजिस्टर्ड कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून दिलंय, त्यात विक्रीचा अधिकार आहे. आता केअरटेकर आणि औषधांचा खर्च झेपत नाही म्हणून फ्लॅट विकायचाय, गिऱ्हाईक मिळालं, टोकनही घेतलंत, आणि बहीण म्हणते मी कोर्टात जाईन. "रजिस्टर्ड आहे म्हणजे मी सही करू शकतो ना?" हाच प्रश्न मला कायम येतो, कधी वडिलांच्या जागी आई असते, कधी फ्लॅटच्या जागी शेती.

नाही करू शकत. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१: अधिकार देणारा माणूस मनाने असमर्थ झाला की त्याने दिलेला अधिकार संपतो. रजिस्टर्ड असो, नोटरी असो, काही फरक नाही. वडिलांना पुढे काही झालं तर कामाला येईल म्हणून तुम्ही ते करून ठेवलंत आणि ते "पुढे" आलं त्याच दिवशी कागद संपला. इंग्लंडमध्ये समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. तुमच्या कागदात "कायम व अपरिवर्तनीय" असं लिहिलंय त्यावर तुमचा फार भरवसा दिसतोय, पण ते शब्द टायपिस्ट सवयीने टाकतात. कलम २०२ चा अपवाद लागायला त्या मालमत्तेत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असावा लागतो, उद्या वारस म्हणून मला मिळणार आहे हा तो हितसंबंध नव्हे.

आता ज्या एका गोष्टीवर तुमचं सगळं अडलंय ती. ईमेलमध्ये शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की मागच्या वर्षी पेन्शन तुमच्या सहीने काढता यावी म्हणून बँकेत अर्ज दिला होता, "वडिलांना आता काहीही समजत नाही" असा, आणि बँकेने तो नाकारला. हा अर्ज तुम्ही कोणाला विचारून दिलात? पेन्शनरचा हात थरथरत असेल तर साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे काढायची सोय बँकेत असते, पण ती शरीराने असमर्थ असलेल्यांसाठी, समज गेलेल्यांसाठी नाही. तुम्ही दोन्ही एकच समजलात आणि बँकेला तुमच्याच सहीने लिहून देऊन बसलात की वडिलांची समज गेली.

कलम २०८ म्हणतं की अधिकार संपल्याचं मुखत्याराला कळलं की तो त्याच्यापुरता संपतो, आणि तिऱ्हाइताला कळलं की तिऱ्हाइतापुरता. म्हणजे गिऱ्हाइकाला काही माहीत नसेल तर तो कदाचित वाचेल, तुम्ही नाही, कारण तुम्हाला माहीत होतं हे तुमच्याच अर्जात तारखेसकट आहे. आणि बहिणीने त्याला एक नोटीस धाडली की त्यालाही कळलंच.

पुढचं अजून वाईट आहे. महाराष्ट्रात मुखत्यार म्हणून दस्त नोंदवताना दुय्यम निबंधकांसमोर घोषणापत्र द्यावं लागतं, की मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, लिहून देणारा हयात आहे, अन्य कोणत्याही कारणाने ते रद्दबातल ठरलेलं नाही, आणि हे खोटं निघाल्यास नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ८२ खाली मी शिक्षेला पात्र राहीन. ती शिक्षा सात वर्षांपर्यंत असू शकते. एजंट तो कागद गठ्ठ्यात घालून सही करा म्हणतात आणि लोक न वाचता करतात. तुम्ही करू नका, वडिलांच्या औषधासाठी पैसे हवे होते हे सांगून त्यातून सुटता येत नाही.

मग वडिलांनी स्वतः सही केली तर? तुम्ही लिहिलंय की सकाळी ते पेपर वाचतात, नीट बोलतात, संध्याकाळी गोंधळतात, तुम्हाला काका समजतात. डिमेन्शियात असं होतं. कायदाही माणसाला सरसकट वेडा ठरवत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की नुसत्या आजाराच्या निदानावरून कोणी मनाने असमर्थ ठरत नाही, सक्षम कोर्टाने तसं जाहीर करावं लागतं. आणि करार कायद्याचं कलम १२ सांगतं की एरवी समज नसलेला माणूस, ज्या वेळी समज असते त्या वेळी करार करू शकतो. पण तेव्हा समज होती हे सिद्ध करायचं ओझं व्यवहार टिकवू पाहणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. तेव्हा आधी न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून लेखी तपासणी, आणि त्यात स्मरणाच्या चाचणीत ३० पैकी इतके मार्क एवढंच नको. काय विकतोय, केवढ्याला, नंतर राहणार कुठे, पैसे कोणाकडे जाणार, हे त्यांना विचारलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं, ते यायला हवं. बी१२ आणि थायरॉइड बघितलंय का तेही विचारा, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना दाखवा, यामुळेही स्मरण बिघडतं आणि हे सुधारता येतं. एवढं करूनही तुमचा तो अर्ज फाइलमध्ये आहेच, म्हणून इतरांना हा रस्ता मी मोकळेपणाने सांगतो, तुम्हाला बहिणीच्या लेखी संमतीशिवाय सांगणार नाही.

डॉक्टर नाही म्हणाले तर हायकोर्ट. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमायची तरतूद होती, २०१७ च्या कायद्याने जुना कायदा गेला आणि नव्यात ती सोय ठेवलीच नाही, नामनिर्देशित प्रतिनिधी असतो पण तो उपचारापुरता. राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा काही ठरावीक अपंगत्वांसाठीच आहे, त्यात डिमेन्शिया बसत नाही. दिव्यांग कायदा २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे, तुमच्या केसमध्ये ते पुरेल का हे कागद बघून ठरेल. त्यामुळे घरोघरची माणसं राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका घेऊन हायकोर्टात जातात. कोर्ट मेडिकल रिपोर्ट मागवतं, सगळ्या वारसांचं म्हणणं घेतं, पालक नेमतं, विक्रीला परवानगी देताना हिशोबाची अट घालतं. इतक्या म्हाताऱ्या माणसांच्या देशात यासाठी एक साधा कायदा नसावा आणि आजारी माणसाच्या खर्चासाठी मुलांनी तारखा मोजत बसावं, याचा मला दरवेळी संताप येतो. पण रस्ता तोच आहे, आणि बहिणीने ना हरकत प्रतिज्ञापत्र दिलं तर बराच लवकर संपतो. तिने विरोध केला तर किती वेळ लागेल ते मी सांगणार नाही.

ज्यांच्या घरी निदान नुकतंच झालंय त्यांनी मुखत्यारपत्राच्या मागे लागूच नका. समज आहे तोवर मोठं खातं जॉइंट करा, आणि मालमत्ता मोठी असेल तर वकिलाकडून ट्रस्ट करून घ्या, नीट केलेला ट्रस्ट नंतर समज गेली म्हणून संपत नाही. तुमच्याकडे हे करायला दीड वर्ष होतं.

आता मुखत्यार म्हणून फ्लॅटबद्दल कुठेही सही करू नका. कलम २०९ प्रमाणे अधिकार संपल्यावरही मालमत्ता सांभाळायची जबाबदारी तुमच्यावरच राहते, तेव्हा सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी भरत राहा, पावत्या ठेवा. टोकन गिऱ्हाइकाला चेकने परत करा आणि पोच लेखी घ्या. बहिणीशी वकिलामार्फत नको, स्वतः बोला, वडिलांचा महिन्याचा खर्च कागदावर मांडून तिच्यासमोर ठेवा, विक्रीचे पैसे वडिलांच्या नावाच्या खात्यातच राहतील हे आधी सांगा, बहुतेक तिची भीती तीच असावी. आणि बँकेतून त्या अर्जाची शिक्क्यासह कॉपी काढून मला पाठवा, त्यात तुम्ही नेमके कोणते शब्द वापरलेत हे बघितल्याशिवाय रिटचा पहिला परिच्छेदही लिहिता येणार नाही.