काय वाचायचं नाही ते आधी ठरव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल सकाळी वाचली. पाठवल्याची वेळ रात्री पावणेतीनची दिसली, तेव्हा निम्मं तिथेच समजलं. अहमदाबादच्या आयआयएमला जाऊन जेमतेम दोन आठवडे झालेत आणि तू लिहितेस की रोजच्या तीन केसपैकी एकही पुरती वाचून होत नाही, बाकी सगळ्यांचं मात्र व्यवस्थित चाललंय. यातलं पहिलं खरं आहे, दुसरं नाही. तुझ्या शेजारच्या खोलीतली आयआयटीवालीसुद्धा घरी हेच कळवत असेल, फक्त वर्गात चेहऱ्यावर दिसू देत नसेल.

आधी हिशेब मांडू, तू कॉमर्सची आहेस. एक केस म्हणजे धंद्यातल्या एका प्रसंगाची हकिगत: दहा ते वीस पानं मजकूर आणि मागे आकड्यांचे तक्ते. नीट समजून वाचायची तर अडीच तास. तीन केसचे साडेसात. सकाळचे तीन वर्ग, प्रत्येक जवळजवळ सव्वा तासाचा, मधल्या सुट्ट्या धरून चार-साडेचार तास. त्यावर पाठ्यपुस्तकातली प्रकरणं, ग्रुपचं काम, लेखी असाइनमेंट, सिनियरांनी बोलावलेल्या बैठका, जेवण, आंघोळ, कपडे. झोप धरली तर चोवीस तासांत हे बसत नाही. आणि ते बसू नये अशाच बेताने आखलेलं आहे.

तुझी ही संस्था १९६१ साली उभी राहिली तीच हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्याने, आणि केसची पद्धत तिथूनच आली. हार्वर्डमध्ये ती रुजवली वॉलेस डॉनहॅम या डीनने. तो १९१९ मध्ये डीन झाला आणि मूळचा कायद्याचा विद्यार्थी होता. कायद्याच्या वर्गात जुने निवाडे समोर ठेवून वाद घालतात, तसं धंद्यातले प्रसंग समोर ठेवून वाद घालायचा, ही कल्पना. म्हणजे माहिती अपुरी, वेळ कमी, आणि तरी उद्या सकाळी पावणेनऊला काहीतरी ठाम बोलायचं. प्राध्यापक लग्नाच्या पंगतीतल्या वाढप्यांसारखे असतात. प्रत्येक जण आपलाच पदार्थ आग्रहाने वाढतो, कारण शेजारच्याने किती वाढलंय ते बघणं त्याचं काम नाही. पानावर आडवा हात धरायचं काम तुझं. पहिल्या सत्रात शिकायचं ते मुख्यतः हेच, बाकी मायक्रोइकॉनॉमिक्स वगैरे ओघाने येतं.

म्हणून रोज संध्याकाळी वह्या उघडण्याआधी ठरव: उद्याच्या तीनपैकी एक केस मन लावून, एक कामापुरती, आणि एक फक्त वरवर. वरवरची कुठली ते डोळे मिटायला लागल्यावर ठरवायचं नाही, जेवणाच्या आधी ठरवायचं. रात्री एक वाजता जे सुटतं ते निवडून सोडलेलं नसतं, हातातून निसटलेलं असतं. आणि रोज तोच विषय वरवरचा ठेवायचा नाही. तो बहुधा तुला नको असलेलाच विषय असेल.

मन लावून म्हणजेही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ नव्हे. पहिलं पान वाच, मग थेट शेवटचं. बहुतेक केसमध्ये या दोन ठिकाणी एक माणूस भेटतो आणि त्याच्यापुढे एक निर्णय असतो: कारखाना वाढवायचा का, भाव उतरवायचा का, जुन्या डीलरला काढायचं का. तो निर्णय स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहून काढ. मराठीत लिहिलास तरी चालेल, कुणी बघायला येत नाही. मग मजकूर बाजूला ठेवून एक्झिबिट, म्हणजे मागचे ते तक्ते, बघ. मधली पानं सगळ्यात शेवटी, आणि तीही त्या एका ओळीला लागतील तेवढीच. संस्थापकाच्या आजोबांनी धंदा कसा सुरू केला यावर दीड पान असतं, ते बिनधास्त सोड. (मला तेच दीड पान सगळ्यात आवडायचं, पण ते असो.)

वर्गात जाण्याआधी एक आकडा तू स्वतः काढलेला असला पाहिजे. केसमध्ये छापलेला नव्हे, काढलेला. समज, नगाची किंमत शंभर रुपये, त्यात साठ रुपये बदलता खर्च, म्हणजे दर नगामागे होणारा, आणि नव्या शाखेचा वर्षाचा स्थिर खर्च, म्हणजे विक्री कितीही झाली तरी होणारा, आठ लाख. नगामागे चाळीस सुटतात, म्हणजे वीस हजार नग विकले की ना नफा ना तोटा. इथपर्यंत तुला झोपेतही येईल. पण तिथे थांबू नकोस. दुसरं एक्झिबिट उघड आणि त्या शहरात ती वस्तू वर्षाला एकूण किती खपते ते शोध. पंचवीस हजारच खपत असेल, तर नुसतं बरोबरीला यायलाच पाचातली चार गिऱ्हाइकं आपल्याकडे वळायला हवीत. हे गणित पाच मिनिटांचं आहे. वर्गातल्या निम्म्या लोकांनी ते केलेलं नसतं, कारण ते अजून मधल्या पानांना हायलायटर लावत असतात.

चॅटजीपीटीकडून केसचा सारांश करून घ्यावा का, असं तू विचारलं आहेस. सारांश तो झटक्यात देईल आणि बरा देईल. पण वर्गात सारांश कुणी विचारत नाही. ‘तू त्याच्या जागी असतीस तर काय केलं असतंस आणि का’ हे विचारतात, आणि दुसरा प्रश्न तुझ्या उत्तरावर येतो, तो आधी कुणालाच माहीत नसतो.

आता बोलण्याबद्दल, कारण मेलमधला खरा धसका तोच दिसला. सांगलीत शिकलेलं इंग्रजी, समोर अर्धवर्तुळात चढत गेलेली बाकं, प्रत्येकापुढे नावाची पाटी, आणि खाली मधोमध उभे प्राध्यापक. भीती वाटणारच. पण चर्चेचा एक ठरलेला प्रवाह असतो, तो ओळखून घे. आधी वस्तुस्थिती मांडली जाते: काय झालं, आकडे काय सांगतात. मग दुखणं कुठे आहे यावर वाद. मग पर्याय. शेवटी निर्णय. शेवटच्या दोन टप्प्यांवर बोलघेवड्यांची झुंबड उडते, तिथे वाक्य सुरू करायलाही जागा मिळत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत मात्र मैदान मोकळं असतं आणि तिथे वक्तृत्व लागत नाही. तुझा तो काढलेला आकडा तिथे दोन वाक्यांत सांग. व्याकरण चुकलं तरी आकडा फळ्यावर जातो, आणि पुढचा तासभर लोक तुझ्याच आकड्याभोवती भांडतात.

उगाच हात वर करणाऱ्यांना तिथे काय म्हणतात आणि पोकळ बोलण्याला ‘ग्लोब’ का म्हणतात ते एव्हाना तुझ्या कानावर आलं असेल. त्या मंडळींना हसू नकोस, त्यांचीही घाबरगुंडीच उडालेली असते, फक्त ती तोंडावाटे बाहेर पडते. पण तू तसं करू नकोस. आठवड्यातून तीन-चार वेळा, कामाचं, एवढं पुरे. अचानक तुझं नाव पुकारलं आणि केस वरवरची असेल, तर सरळ सांग की माझी तयारी इथपर्यंत आहे आणि एक्झिबिटवरून मला एवढं दिसतं. थापा प्राध्यापकांना लगेच कळतात. पुष्कळ वर्षं ऐकत आलेले असतात.

अकाउंट्सच्या तासाला सध्या तू राणी आहेस. ते सुख भोग, पण त्याच्यावर विसंबू नकोस. डेबिट-क्रेडिट कळायला इंजिनियरांना महिना लागतो, त्यानंतर विषय नोंदींचा राहतच नाही. मग प्रश्न येतात ते असे: ही विक्री या वर्षात दाखवायची की पुढच्या, नफा दिसतोय तरी हातात रोकड का नाही. बी.कॉम.ला आपण नोंदी घोकून पार पडतो, इथे त्यामागचं कारण सांगावं लागतं. तेव्हा आत्ता, तुझी पत आहे तोवर, सौदा कर. रोज रात्री अर्धा तास तू कुणाला तरी ताळेबंद शिकव, त्याने तुला प्रोबॅबिलिटी शिकवावी.

प्रोबॅबिलिटीत सूत्रं दिसली की तुझे हातपाय गळतात, हे मला तुझ्या बारावीपासून माहीत आहे. सूत्र बाजूला ठेव आणि हजार माणसं मोज. हजारांत दहा जणांना आजार आहे. चाचणी त्यातल्या नऊ जणांना बरोबर पकडते. उरलेल्या नऊशे नव्वद धडधाकट माणसांपैकी दहा टक्क्यांना, म्हणजे नव्व्याण्णव जणांना, ती उगाचच आजारी ठरवते. एकूण एकशे आठ जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, त्यात खरे आजारी नऊ. बारात एक. बेजच्या नियमाचं जे काही मोठं सूत्र फळ्यावर येईल, ते एवढंच सांगत असतं. कंपनीने नवा साबण बाजारात आणायच्या आधी केलेली पाहणीही याच पद्धतीने उलगडते.

क्विझ, म्हणजे छोट्या चाचण्या, आगाऊ न सांगता होतात, त्यामुळे एखाद्या दुपारी जेवून आडवं व्हावं तर तेव्हाच बोलावणं येतं. त्यावर एकच उपाय: त्या दिवशी वर्गात झालेलं दुपारच्या जेवणाआधी वीस मिनिटं चाळणं. ग्रेड सापेक्ष असतात, म्हणजे तुला किती मिळाले यापेक्षा इतरांच्या मानाने तू कुठे आहेस ते बघतात. यावरून काही जण नोट्स लपवायला लागतात. अशांना ओळखून ठेव आणि सोडून दे. आपल्या नोट्स मोकळेपणाने वाटणाऱ्या मुलीला दुसऱ्या वर्षी ग्रुप शोधत फिरावं लागत नाही, एवढं मी पाहिलेलं आहे. पण नोट्स देणं वेगळं आणि असाइनमेंटची फाइल देणं वेगळं. एक्सेलची फाइल ‘फक्त बघायला’ म्हणून मागितली तरी द्यायची नाही, आणि मागच्या वर्षीची उत्तरं आपल्याकडे आली तर उघडायची नाहीत. नक्कल सापडली की घेणाऱ्याबरोबर देणाराही अडकतो.

ग्रुपमध्ये केस वाटून घेतल्यात, ठीक आहे, सगळे घेतात. एवढंच बघ की दुसऱ्याच्या वाट्याच्या केसचाही निर्णय आणि एक्झिबिट तुझ्या डोळ्यांखालून गेलेले असावेत. क्विझ वाटून घेता येत नाही. तू जुन्या डॉर्ममध्ये आहेस की रस्त्यापलीकडच्या नव्या कॅम्पसात, ते लिहिलं नाहीस. जुन्यात असशील तर एक गोष्ट लक्षात येईल: वास्तुकार लुई कानने तिथे खोल्या दहा-दहाच्या गटाने जिना आणि चहाच्या जागेभोवती बसवल्या आहेत, मुलांनी वर्गाबाहेरही एकमेकांपाशी बसून शिकावं म्हणून. दार बंद करून एकटीने रात्री तीनपर्यंत वाचत बसणं हे त्या इमारतीच्याच विरुद्ध आहे. नव्या कॅम्पसात असलीस तरी हाच सल्ला. अकरानंतर नवी केस उघडायची नाही, कुणाच्या तरी खोलीत जाऊन झालेल्यावर बोलायचं, साडेबाराला झोपायचं. सहा तास झोप. चार तासांवर माणूस आठवडाभर चालतो, मग वाचतो एक आणि समजतो भलतंच.

क्लब: एक. सिनियर सांगतील की तीन-चारांत अर्ज कर. ऐकून घे.

कर्जाचा आकडा रोज रात्री आठवून काही होत नाही. फी वीस लाखांच्या वर आहे, मला माहीत आहे, तुझ्या बाबांनी सही केली तेव्हा मी तिथेच होते. त्याचे हप्ते आत्ता सुरू होत नाहीत. त्यांनी ते विचारपूर्वक केलं आहे, तू त्याची परतफेड पहिल्या क्विझच्या मार्कांनी करायला जाऊ नकोस. घरी रविवारी सकाळी फोन कर. ‘जेवलीस का’ या प्रश्नाचं खरं उत्तर दे. आणि दमण्याच्या पलीकडे काही वाटायला लागलं, म्हणजे सकाळी उठावंसंच वाटत नाही, जेवण जात नाही, कारण नसताना रडू येतं, तर कॅम्पसवरच्या समुपदेशकाकडे जा. मला कळवून जा, न कळवता जा, पण जा. त्याची कुठेही ग्रेड लागत नाही.

शेवटचं, आणि हे तातडीचं. समर प्लेसमेंट, म्हणजे उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठीच्या निवडी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात येऊन ठेपतात, पण सीव्हीची कामं त्याच्या पुष्कळ आधी निघतात. सीव्ही एका पानाचा, आणि त्यातल्या ओळींना कागदी पुरावा मागतात. पुरावा नसेल तर ओळ जाते. तुझा खो-खो आणि ते वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस याच कारणाने जायला नको. बाबांना आजच सांग: कपाटातल्या निळ्या फाइलमधली सगळी प्रमाणपत्रं आणि बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका स्कॅन करून पाठवा, मूळ प्रती कुरियरने. सीए ऑफिसात काम केलंस त्याचं पत्र लेटरहेडवर हवं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख घालून, सही-शिक्क्यासह. ते याच आठवड्यात मागव. जुलै लागला की रिटर्नच्या गर्दीत त्या लोकांना जेवायलाही फुरसत नसते, मग तुझं पत्र कोण टाइप करणार?

तुझी,
मावशी