जुनी डिझेल व्हॅन घेतलीत? आधी एवढंच बघा

भाऊ, इंजिन खोलायची घाई नको. साताऱ्यात गाडी चालवायची म्हणजे यवतेश्वर, पसरणी, खंबाटकी हे घाट आलेच, म्हणून पहिलं लक्ष कूलिंगकडे. सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी बघा, रेडिएटरचे रबरी होज पाईप दाबून बघा, फॅन बेल्टला चिरा आहेत का पाहा. चढाला तापमानाचा काटा वर सरकला की एसी बंद करून बाजूला थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. मी एकदा उघडलं, हाताची जखम भरायला महिना गेला. कूलंटऐवजी नुसतं नळाचं पाणी भरत राहाल तर आतून गंज धरेल.

मग डिझेल फिल्टर. तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढा, पावसाळ्यात जास्त वेळा. टाकी कोरडी पडू देऊ नका; लाइनमध्ये हवा शिरली की डिझेल ओढायला गाडीचा हातपंप मारत बसावं लागतं.

- काळा धूर: आधी एअर फिल्टर बघा.
- निळा धूर: ऑइल जळतंय.
- उतारावर न्यूट्रल कधीच नको.

पंप-नोझलचं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचं) काम सध्या मेकॅनिकवर सोडा. इंजिनला टायमिंग बेल्ट (आतल्या भागांची वेळ जुळवणारा पट्टा) असेल तर तो कधी बदललाय ते जुन्या मालकाला विचारा. सांगता आलं नाही तर नवीनच टाका.