स्टॉप, ऑन, ऑफपासून सुरुवात

कामासाठी बाहेरून आलेल्या, तसंच कामासाठी बाहेर जाणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी कसं शिकवावं, याबद्दल मराठवाड्यातून आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आमच्या खोल्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडची आठ-दहा मुलं भाड्यानं राहतात. वाळूजच्या कंपन्यांत हेल्पर आहेत, हिंदी नीट वाचतात. ‘इंग्लिश बोलना सिखाइए’ म्हणून मागे लागली आहेत. ए फॉर ॲपलपासून सुरुवात करू, की थेट बोलण्यापासून?
— बजाजनगर, वाळूज

दोन्ही नको. वाळूजच्या शॉपफ्लोअरवर इंग्रजी बोलतंय कोण? वॉचमनपासून सुपरवायझरपर्यंत सगळा कारभार हिंदी-मराठीत चालतो. मशीनवर, भिंतीवर आणि पगाराच्या स्लिपवर मात्र इंग्रजी असतं. मुलांची मागणी बोलण्याची आहे आणि अडतंय वाचण्यापाशी. मागणी मोडीत काढू नका, तासाची शेवटची दहा मिनिटं बोलण्याला द्या. बाकीचा वेळ वाचन.

अक्षरं ओळीनं शिकवू नका. पहिल्या आठवड्यात कॅपिटलमधली सहाच घ्या: एस, टी, ओ, पी, एन, एफ. एवढ्यात स्टॉप, ऑन, ऑफ, नो, नॉट, टॉप हे शब्द होतात. दुसऱ्या आठवड्यात डी, ए, जी, ई, आर ही पाच घाला. आता डेंजर, स्टार्ट, ओपन, प्रेस, गेट, गियर, डोअर वाचता येतात, शिवाय स्लिपवरचे ग्रॉस आणि नेटसुद्धा. अकरा अक्षरांत एवढं पदरात पडलं की माणूस तिसऱ्या आठवड्यालाही येतो. स्मॉल लिपी महिन्यानंतर, आणि तेव्हाही बी आणि डी एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं होईपर्यंत दुसरं पुढे ढकला, नाहीतर दोन्हींची कायमची अदलाबदल होते.

कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची करा. जाड असतात, फुकट मिळतात. कोऱ्या बाजूला मार्करनं इंचभर उंचीचा इंग्रजी शब्द लिहा आणि उच्चार देवनागरीत, पण कार्डाच्या मागे. इथेच बहुतेकांचं चुकतं. उच्चार शब्दाच्या खालीच लिहिला की डोळा सरळ देवनागरीवर जातो. मुलं धडाधडा वाचतात, आपण खूश होतो आणि इंग्रजी अक्षराकडे कोणी पाहिलेलंच नसतं.

दुसरी खोड म्हणजे पहिल्या दोन अक्षरांवरून अख्खा शब्द ओळखणं. पुश आणि पुल दोन्ही ‘पी-यू’नं सुरू होतात, रिजेक्ट आणि रिवर्क ‘आर-ई’नं. अशा जोड्या मुद्दाम शेजारी ठेवून बोट शेवटच्या अक्षरावर ठेवायला लावा. पाटीवर ‘डू नॉट ऑपरेट’ असेल तर ओळखीचा ‘ऑपरेट’ तेवढा वाचला जातो आणि अर्थ नेमका उलटा होतो. म्हणून नो, नॉट, डोन्ट हे शब्द सगळ्यांच्या आधी. आणि ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं नव्हे, पेट घेणारंच. हा शब्द शिकलेल्यांनाही फसवतो.

बऱ्याच कंपन्यांत फोटो काढायला बंदी असते. तेव्हा चहाच्या सुट्टीत रोज एक पाटी कागदावर उतरवून आणायला सांगा. अक्षरं वाकडीतिकडी येतील, एखादं गळेल. तोच दुसऱ्या दिवशीचा धडा.

पगाराच्या स्लिपला पूर्ण दोन तास द्या. फळ्यावर असा नमुना मांडा: ग्रॉस १४,०००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून ११,०००. पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) त्या ११,००० च्या १२ टक्के, म्हणजे १,३२०. ईएसआय (कामगार विमा) ग्रॉसच्या ०.७५ टक्के, म्हणजे १०५. पीटी, म्हणजे व्यवसाय कर, २०० (फेब्रुवारीत ३००). हातात नेट १२,३७५. मग ज्याची त्याची स्लिप काढून शब्द शोधायला लावा. यूएएन हा पीएफचा १२ आकडी नंबर असतो. तो स्लिपवर नसेल तर ठेकेदाराला विचारायचं वाक्य त्याच तासाला शिकवून टाका, हवं तर हिंदीत.

पाळी दर आठवड्याला फिरते, म्हणून एकच धडा दोनदा घ्यावा लागेल: पहिल्या पाळीवाल्यांना संध्याकाळी, दुसऱ्या पाळीवाल्यांना सकाळी. प्रत्येक धडा स्वतंत्र ठेवा. छठ आणि होळीला अर्धा वर्ग गावी जातो. परत आलेल्याला ‘मागचं बुडालं’ असं वाटलं की तो पुन्हा फिरकत नाही.

रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. काहीही सांगितलं की कामगार ‘यस सर’ म्हणतात आणि भलतंच करतात. आकड्यांचे तर रोज घोळ. काय करावं?
— जालना

‘समजलं का?’ हा प्रश्न बंद करा. त्याला ‘यस सर’शिवाय उत्तरच नाही. ‘आता आधी काय करणार?’ असं विचारा, किंवा करूनच दाखवायला सांगा.

आकड्यांचे घोळ दोन प्रकारचे. एक कानाचा: मिलच्या आवाजात थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात. यावर उपाय म्हणजे आकडा फोडून सांगणं: ‘वन थ्री’, ‘थ्री झीरो’. ऐकणाऱ्यानं तो तसाच परत म्हणायचा. दुसरा घोळ भाषेचा. मराठीत काय, हिंदीत काय, आपण एकक आधी बोलतो. पस्तीसमध्ये पाच पुढे, तीस मागे. त्याच चालीनं ३५ ला ‘फिफ्टी थ्री’ म्हटलं जातं. इंग्रजीत २१ पासून पुढे आकडा डावीकडून जसा दिसतो तसा म्हणायचा, हे रोज पाच मिनिटं दहा आकडे लिहून घोटून घ्या.

भोजपुरी बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘श’चा ‘स’ होतो. शिफ्टचं ‘सिफ्ट’ झालं तर काही बिघडत नाही, शीट आणि सीट दोन्ही असलेल्या कारखान्यात मात्र बिघडतं. तेवढीच जोडी सुधारा, बाकीच्या उच्चारांमागे लागू नका. ‘कल’ हा आणखी एक सापळा. हिंदीत काल आणि उद्या दोन्हींना तोच शब्द, त्यामुळे यस्टरडे आणि टुमारो उलटे पडतात. आपणही ‘परवा’ला तसेच अडतो, तेव्हा हसू नका. कॅलेंडरवर बोट ठेवून शिकवा.

क्रेनखाली शब्दावर भिस्त नकोच. स्टॉप, स्लो, रिव्हर्स या प्रत्येकाला एकेक हातखूण ठरवा आणि शब्द व खूण एकत्रच शिकवा. स्टॉपची खूण कोणीही केली तरी क्रेन थांबलीच पाहिजे, हे नव्या हेल्परलाही पहिल्याच दिवशी सांगा.

आमच्याकडचे लोक ऊसतोडीहून परत आले आहेत. काही पोरांना आता कोयता नको, आखाती देशांत गवंडीकाम, प्लास्टरचं काम बघायचं आहे. पेरणीपर्यंत जेवढं होईल तेवढं इंग्रजी शिकवायचं आहे. कितपत जमेल?
— धारूर, जि. बीड

पेरणीआधी आठ आठवडे मिळाले आणि आठवड्याला पाच दिवस एकेक तास धरला, तर चाळीस तास होतात. त्यात संभाषण येणार नाही. ट्रेड टेस्टपुरतं (कामाच्या चाचणीपुरतं) बोलणं आणि कराराचा कागद कळणं, एवढं येईल.

इथे हिशेब वाळूजच्या उलट आहे, आधी ऐकणं-बोलणं. पहिले वीस तास धंद्याचे: थापी, ओळंबा, लेव्हल, वाळू-सिमेंटचं प्रमाण. वस्तू हातात देऊन शिकवा, चित्रं नकोत. वाक्यं दहा-बाराच, पण झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत: ‘आय कॅन डू प्लास्टर’, ‘फाइव्ह इयर्स एक्सपिरियन्स’, ‘प्लीज से अगेन’. व्याकरणाची चूक सोडून द्या. ‘आय मेसन’ म्हटलं तरी साइटवर कळतं. थांबा ते फक्त आकडा किंवा माप चुकल्यावर.

उरलेले वीस तास करारासाठी. बेसिक सॅलरी, ओव्हरटाइम, ड्यूटी अवर्स, अकोमोडेशन, फूड, प्रोबेशन, लीव्ह, रिटर्न तिकीट हे शब्द कागदावर शोधून त्यापुढचा आकडा किंवा ‘नॉट’ वाचता आला पाहिजे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतं आणि आखाती देशांत कामाला जाण्याआधी त्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची सरकारी परवानगी, घ्यावी लागते. एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासायला वर्गातच शिकवा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. मुकादमाकडून उचल घेतलेल्या घरातल्या पोरांना हा आकडा इंग्रजीआधी माहीत हवा.

वर्गातले चाळिशी ओलांडलेले मागे पडतात. वयामुळे का?
— नांदेड

आधी डोळे बघा. कागद हात लांब करून धरत असतील तर त्यांना जवळचं दिसत नाही, एवढंच. सरकारी दवाखान्यात तपासणी करून वाचायचा चष्मा घ्यायला लावा आणि वर्गात डोक्यावरच्या बल्बऐवजी बाजूनं उजेड ठेवा. सिमेंटनं फुटलेल्या बोटांना बारीक पेन्सिल धरवत नाही, त्यांना जाड स्केचपेन द्या. देवनागरीही येत नसेल तर इंग्रजी थांबवा. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी सरकारचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम आहे, त्यात नाव घाला.

एखादं पुस्तक सुचवा.
— परभणी

पहिले दोन महिने नको. औषधाची पट्टी, खताची गोणी, पगाराची स्लिप, मोबाइलचा रिचार्ज मेसेज एवढं पुरतं.